योग्य-अयोग्य ठरते कशावरून? : वाचकांचे प्रश्न

नैतिकता वस्तुनिष्ठ (कोणाच्याही मतावर अवलंबून नसलेली) आहे की व्यक्तिनिष्ठ (ज्याच्या त्याच्या मतावर ठरणारी), या प्रश्नाभोवती फिरणारी बरीच पत्रे या वेळी आली. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. काही पत्रे दीर्घ होती, म्हणून आशय कायम ठेवून प्रश्न थोडक्यात दिले आहेत. पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण बाकीच्या बहुतेक शंका त्या दोहोंतूनच निघतात.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षात तत्त्वज्ञान शिकते. एका समाजात जे पुण्य मानले जाते ते दुसऱ्या समाजात पाप ठरते आणि एकाच समाजातही शे-दोनशे वर्षांत मते उलटतात. असे असताना ‘अमुक कृत्य खरोखरच वाईट आहे’ या विधानाला ‘मला किंवा माझ्या समाजाला ते रुचत नाही’ यापेक्षा अधिक अर्थ उरतो का? व्यक्ती तितक्या प्रकृती, तशी व्यक्ती तितकी नीती, असे का म्हणू नये?

उत्तर : आपला युक्तिवाद फार जुना आहे आणि त्याचे वजन मी कमी लेखत नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इराणचा सम्राट दरायस याची एक हकीकत नोंदवली आहे. दरायसने आपल्या दरबारातील ग्रीकांना विचारले, की किती मोबदला दिला तर तुम्ही आपल्या मृत वडिलांचा देह खाल. कितीही दिला तरी नाही, असे ग्रीकांनी सांगितले. मग मृत आईवडिलांचा देह भक्षण करण्याची रीत असलेल्या कॅलाटिआय नावाच्या लोकांना बोलावून त्याने विचारले, की किती मोबदल्यात तुम्ही वडिलांचा देह जाळाल. हे ऐकताच त्यांनी आक्रोश केला आणि असे अभद्र बोलू नये अशी सम्राटाला विनवणी केली. रूढी हीच सर्वांवर राज्य करते, असा निष्कर्ष हिरोडोटसने त्यातून काढला, आणि नैतिक सापेक्षतावादाची, म्हणजे योग्य-अयोग्य हे त्या त्या समाजापुरतेच ठरते या मताची, बाजू मांडताना ही कथा आजही हटकून सांगितली जाते.

मात्र या कथेत मतभेद नेमका कशाबद्दल आहे, हे नीट पाहिले पाहिजे. मृत पित्याची अवहेलना करावी, असे त्या दोन्ही लोकांपैकी कोणीच म्हणत नाही. उलट दोघांचाही संताप पित्याविषयीच्या आदरातून आलेला आहे. तो आदर कोणत्या विधीने व्यक्त होतो, एवढ्यावरच त्यांचे पटत नाही. नैतिक मतभेदाची म्हणून दाखवली जाणारी कितीतरी उदाहरणे तपासून पाहिली, तर अशीच निघतात. कोठे मूल्य एकच असते आणि रीत वेगळी असते, तर कोठे मूल्याबद्दल वादच नसतो आणि वस्तुस्थितीबद्दलच्या समजुती मात्र भिन्न असतात. ऑक्सफर्ड विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात जगभरातील ६० समाजांची वर्णने तपासली होती. नातलगांना मदत करणे, आपल्या गटाशी एकनिष्ठ राहणे, उपकाराची परतफेड करणे, धैर्य दाखवणे, वरिष्ठांचा मान राखणे, वाटणी न्याय्य करणे आणि दुसऱ्याच्या मालकीचा आदर करणे, या सात प्रकारच्या वर्तनांचा जेथे जेथे नैतिक उल्लेख होता, तेथे जवळजवळ सर्वत्र ती चांगलीच मानलेली आढळली. अर्थात सर्वांचे एकमत झाले म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, हे मला मान्य आहे. परंतु ‘जितके समाज तितक्या नीती’ हे चित्र आपण समजतो तेवढे निर्विवाद नाही, इतके तरी यावरून दिसते.

तरीही सगळेच मतभेद असे विरघळून जातात, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गुलामगिरीचे उदाहरण घेऊ. काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, असे ॲरिस्टॉटलसारख्या विचारवंताने प्रतिपादन केले. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द करणारा कायदा व्हायला १८३३ साल उजाडले आणि मॉरिटानियाने तर ती १९८१ मध्ये रद्द केली. येथे प्रश्न विधींचा नाही. माणसाला माणूस म्हणून मोजायचे की नाही, यावरचा हा संघर्ष आहे. अशा वेळी सापेक्षतावादी म्हणतो, की त्या काळच्या समाजाला गुलामगिरी योग्य वाटत होती, म्हणून त्या समाजापुरती ती योग्यच होती. मला त्याला विचारावेसे वाटते, की या वाक्यातला ‘समाज’ म्हणजे कोण? आज ज्याला आपण हैती म्हणतो त्या फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला आणि १८०४ मध्ये त्यातून स्वतंत्र राष्ट्र उभे राहिले. ही माणसे त्या समाजात राहत नव्हती का? आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ असे म्हणतात, पण समाजाचे मत म्हणून इतिहासात जे नोंदले जाते ते बहुधा ज्यांच्या हाती लेखणी होती अशा पाचांचेच असते. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या तोंडून निघालेला शब्द त्या मोजणीत धरलेलाच नसतो. सापेक्षतावाद दुर्बलांच्या संस्कृतींचा कैवार घेतो, अशी त्याची ख्याती आहे. प्रत्यक्षात तो प्रत्येक संस्कृतीतील बलवानांचे म्हणणे तिची नीती म्हणून स्वीकारून मोकळा होतो. सापेक्षतावादावर माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

त्याला जोडूनच आणखी एक अडचण येते. समाजाला जे योग्य वाटते तेच योग्य, अशी व्याख्या केली, तर समाजाच्या मताविरुद्ध उभा राहणारा सुधारक व्याख्येनेच चुकीचा ठरतो. तो बहुमत मिळवीपर्यंत चूक असतो आणि मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी बरोबर होतो. पण कोणताही सुधारक ‘माझे मत लवकरच बहुमत होणार आहे’ असे म्हणत नसतो. ‘तुम्ही सारे आज चुकत आहात’ असेच त्याचे म्हणणे असते, आणि हे वाक्य अर्थपूर्ण वाटत असेल, तर सारा समाज एकमुखाने चुकू शकतो हे आपण आधीच मान्य केलेले आहे.

समाजाऐवजी व्यक्तीला प्रमाण मानले, तरी गुंता सुटत नाही. ‘छळ करणे वाईट आहे’ याचा अर्थ ‘मला छळ आवडत नाही’ एवढाच असेल, तर छळ करणारा आणि त्याला विरोध करणारा यांच्यात मतभेदच उरत नाही. एक आपल्या आवडीची माहिती देतो, दुसरा आपल्या नावडीची, आणि दोघेही खरेच बोलत असतात. ए. जे. एयर या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९३६ मध्ये याहून बारकाईची भूमिका घेतली. नैतिक विधाने कोणतीही माहिती देत नाहीत, ती भावना प्रकट करतात, असे त्याचे म्हणणे होते. परंतु नैतिक विधाने आपण नुसती उच्चारत नाही, त्यांच्यावरून अनुमाने काढतो. ‘खोटे बोलणे वाईट असेल, तर दुसऱ्याला खोटे बोलायला लावणेही वाईट आहे’ असे शांतपणे म्हणणारा माणूस त्या क्षणी कोणतीही चीड प्रकट करत नसतो. केवळ भावनोद्गारांना ‘जर-तर’मध्ये बसवून त्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही. एयरच्या अनुयायांनी या आक्षेपाला उत्तरे देण्याचा मोठा खटाटोप केला आहे, पण त्यांतले एकही मला पुरेसे वाटलेले नाही.

आता आपल्या मूळ अनुमानाकडे येतो. मतभेद आहे, म्हणून सत्य नाही, हे अनुमानच सदोष आहे. रोग दूषित हवेमुळे पसरतात की सूक्ष्म जंतूंमुळे, यावर एकोणिसाव्या शतकात वैद्यांमध्ये तीव्र मतभेद होते, म्हणून रोगांना कारण नव्हते असे कोणी म्हणत नाही. यावर आपण म्हणाल, की जंतू सूक्ष्मदर्शकातून दाखवता येतात, ‘वाईटपणा’ कोणत्या यंत्राने दाखवणार? हा आक्षेप खरोखर भक्कम आहे. जॉन मॅकी या तत्त्वज्ञाने १९७७ मध्ये तो अतिशय धारदारपणे मांडला. नैतिक तथ्ये खरेच असती, तर ती विश्वातील इतर कोणत्याही गोष्टीहून विलक्षण असती, कारण ती नुसती ‘असली’ नसती, तर त्यांनी आपल्याला काय करावे याचा आदेशही दिला असता. दगडधोंडे असे आदेश देत नाहीत. म्हणून आपली सर्व नैतिक विधाने प्रामाणिक, पण असत्य आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला.

मॅकीला द्यावेसे वाटणारे उत्तर असे आहे. ‘पुरावा ज्या बाजूला असेल ते मानावे’ हे विधानही आदेशच देते, आणि तेही कोणत्या यंत्रातून दिसत नाही. मॅकीचे पुस्तक वाचून, त्याचे युक्तिवाद सबळ आहेत म्हणून ते ‘पटवून घ्यायला हवेत’, असे जो म्हणतो, त्याने असे एक बंधन आधीच मान्य केलेले असते. विचार कसा करावा याची बंधने कोणाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नसतात, हे आपण निमूटपणे स्वीकारतो. मग वर्तन कसे करावे याची बंधने तशी असू शकतात, एवढ्यानेच बिचकण्याचे कारण नाही. नीती ही विश्वात कोठेतरी कोरून ठेवलेली वस्तू आहे, असा माझा दावा नाही. माझा दावा एवढाच आहे, की एखाद्या कृत्यामागे आणि त्याच्या विरोधात कारणे असतात, ती कारणे चांगली किंवा वाईट असतात, आणि त्यांचा चांगला-वाईटपणा माझ्या, तुमच्या किंवा समाजाच्या संमतीवर अवलंबून नसतो.

सुशिक्षित माणसाने नीती व्यक्तिनिष्ठच मानली पाहिजे, अशी एक समजूत महाविद्यालयांत ऐकू येते, म्हणून एक आकडा सांगून ठेवतो. व्यावसायिक तत्त्वज्ञांच्या २०२० मधील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे ६२ टक्क्यांचा कल नैतिक सत्ये असतात असे मानण्याकडे होता आणि सुमारे २६ टक्क्यांचा त्याच्या विरुद्ध होता. मतदानाने हा प्रश्न सुटत नाही हे मी वरच लिहिले आहे. पण ज्यांनी आयुष्य या प्रश्नावर घालवले त्यांना व्यक्तिनिष्ठता उघड सत्य वाटत नाही, हे आपल्याला ठाऊक असावे.

प्रश्न : ईश्वर मानला नाही, तर नीतीला आधारच राहत नाही. आज्ञा देणारा कोणी नसेल, तर आज्ञा कोठून येणार? ईश्वर न मानता नीती वस्तुनिष्ठ आहे असे म्हणणे विसंगत नाही का?

उत्तर : प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो, की जे पवित्र आहे ते पवित्र आहे म्हणून देवांना प्रिय असते, की देवांना प्रिय आहे म्हणून ते पवित्र ठरते. यातला दुसरा पर्याय स्वीकारला, तर उद्या निर्दयतेची आज्ञा आली असती, तरी निर्दयता चांगली ठरली असती. आणि मग ‘ईश्वर दयाळू व न्यायी आहे’ या स्तुतीलाही काही आशय राहत नाही. पहिला पर्याय स्वीकारला, तर चांगुलपण आज्ञेच्या आधीचे ठरते. श्रद्धावान विचारवंतांनी या पेचातून मार्ग काढताना, चांगुलपण हा ईश्वराचा स्वभावच आहे, असे म्हटले आहे. ती भूमिका मी आदराने पाहतो. पण तिच्यातही न्याय चांगला का, याचे उत्तर न्यायाच्या स्वरूपात शोधावे लागते, केवळ आज्ञेत ते सापडत नाही. त्यामुळे श्रद्धावान आणि अश्रद्ध हे दोघेही एकाच कारणासाठी निरपराध्याला शिक्षा देणे अन्याय्य मानू शकतात, आणि प्रत्यक्षात ते तसे मानतातही.

प्रश्न : मी जीवशास्त्र शिकवतो. परोपकार, निष्ठा, अपराधीपणाची भावना या साऱ्यांचे स्पष्टीकरण उत्क्रांतीने देता येते. ज्या टोळ्यांत सहकार्य होते त्या टिकल्या, म्हणून आपल्याला सहकार्य ‘चांगले’ वाटते. मग नैतिक सत्य हा आपल्या मेंदूने निर्माण केलेला उपयुक्त भ्रम आहे, असे का मानू नये?

उत्तर : वस्तुनिष्ठतेविरुद्धच्या आजच्या आक्षेपांत मला हाच सर्वांत कठीण वाटतो. डार्विनने १८७१ मध्येच म्हटले होते, की माणसे मधमाश्यांसारख्या परिस्थितीत वाढली असती, तर अविवाहित स्त्रियांना आपल्या भावांना ठार मारणे हे पवित्र कर्तव्य वाटले असते. शॅरन स्ट्रीट या अमेरिकन तत्त्वज्ञ विदुषीने २००६ मध्ये याच धाग्यावरून वस्तुनिष्ठतावाद्यांना पेचात पकडले. उत्क्रांतीचा आणि नैतिक सत्याचा संबंध नाही असे म्हणाल, तर आपली मते सत्याशी जुळणे हा निव्वळ योगायोग ठरेल. आणि उत्क्रांतीने आपल्याला सत्य ओळखण्यासाठीच घडवले असे म्हणाल, तर तो दावा विज्ञानाच्या कसोटीवर टिकणार नाही, कारण टिकून राहण्यास मदत झाली एवढे स्पष्टीकरण पुरेसे असते.

या पेचाला माझे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग सोपा आहे. एखाद्या समजुतीचा उगम सांगितला, म्हणजे तिच्या खरेखोटेपणाचा निवाडा होत नाही. मोजण्याची क्षमताही आपल्याला जीवनकलहातूनच मिळाली, तरी दोन आणि तीन मिळून पाच होतात, हा भ्रम ठरत नाही. आपण यावर म्हणू शकाल, की संख्या बरोबर मोजणाऱ्याला जगण्यात लाभ होतो, तसा लाभ नैतिक सत्य ओळखणाऱ्याला होतो हे कोणी दाखवले आहे? ही शंका रास्त आहे आणि म्हणून उत्तराचा दुसरा भाग लागतो. उत्क्रांतीने आपल्यात आप्तांचा पक्षपात, परक्यांचा संशय आणि सूडाची ओढ पेरली, हे मान्य करू. परंतु नेमक्या याच प्रवृत्तींना आपण चूक म्हणू शकलो. दूरदेशीच्या, कधीही परतफेड करू न शकणाऱ्या माणसाचे दुःखही दुःखच आहे, हे म्हणायला कोणतीही टोळी आपल्याला शिकवत नव्हती. ते आपण कारणांचा विचार करत करत गाठले: माझ्या वेदनेला महत्त्व आहे, ते ती ‘माझी’ आहे म्हणून आहे, की ती वेदना आहे म्हणून? हा प्रश्न एकदा पडला, की वेदना ‘त्याची’ आहे म्हणून ती बिनमहत्त्वाची ठरवता येत नाही. मिळालेल्या प्रवृत्तींची छाननी करण्याची ही क्षमता कोठूनही आलेली असो, ती वापरताना आपण कारणांना उत्तरदायी असतो. ‘उत्क्रांतीमुळे असे वाटते’ हे वाक्य विज्ञानाच्या वर्गात उत्तम स्पष्टीकरण आहे, पण ‘मग मी काय करू?’ या प्रश्नाचे ते उत्तर नाही. काय आहे, यावरून काय असावे, याकडे उडी मारता येत नाही, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकात दाखवले, आणि ही मर्यादा नीतीची थोरवी गाणाऱ्यांना जेवढी लागू आहे, तेवढीच नीतीला भ्रम म्हणणाऱ्यांनाही लागू आहे.

प्रश्न : नीती वस्तुनिष्ठ आहे असे मानणाऱ्यांनीच जगात सर्वाधिक अत्याचार केले आहेत. आपल्यालाच सत्य गवसले आहे, या खात्रीने त्यांनी दुसऱ्यांच्या चालीरीती मोडल्या, देश जिंकले, माणसे जाळली. त्यापेक्षा ‘ज्याचे त्याला बरोबर’ असे म्हणणारा व्यक्तिनिष्ठतावाद अधिक सहिष्णू आणि सुरक्षित नाही का?

उत्तर : आपल्या पत्रातील कळकळ मला मनापासून भिडली आणि आपण सांगितलेला इतिहास खोटा नाही. वसाहतींच्या काळात ‘सुधारणा’ या नावाखाली जे केले गेले, ते पाहून अनेक विचारी माणसांना सापेक्षतावाद हाच सभ्य मार्ग वाटला. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा आयोग मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार करत असताना अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने त्याला एक निवेदन पाठवले. पाश्चात्त्य देशांची मूल्ये साऱ्या मानवजातीवर लादली जाऊ नयेत, असा इशारा त्यात होता, आणि त्यामागची प्रेरणा निःसंशय उदात्त होती.

तरीही हा युक्तिवाद स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारतो. ‘दुसऱ्यांवर आपली मूल्ये लादू नयेत’ हे सर्व समाजांना लागू होणारे नैतिक विधान आहे. ते वस्तुनिष्ठ नसेल, तर ज्या समाजाची नीती ‘शेजाऱ्यांवर आक्रमण करा’ असे सांगते, त्या समाजाला आपण कोणत्या आधारावर अडवणार? त्याच्या दृष्टीने आक्रमण बरोबर आहे, आणि ‘ज्याचे त्याला बरोबर’ हा नियम तर आपणच घालून दिलेला आहे. सहिष्णुता हे मूल्य आहे, ते जपण्यासारखे आहे आणि न पाळणारा चुकतो, असे म्हणायचे असेल, तर नीतीत चूक-बरोबर असते हे गृहीत धरावेच लागते. वसाहतवाद्यांचा गुन्हा त्यांनी नीती वस्तुनिष्ठ मानली, हा नव्हता. त्यांनी दुसऱ्यांच्या जिवाला, शब्दाला आणि संमतीला किंमत दिली नाही, हा होता. आणि ती किंमत न देणे खरोखर चूक होते, असे म्हणण्यासाठीच मी वस्तुनिष्ठतेचा आग्रह धरतो.

येथे वस्तुनिष्ठता आणि खात्री या दोन गोष्टींची गल्लत होते, असे मला वाटते. माझ्या मतापलीकडे सत्य आहे असे मानणारा माणूसच ‘कदाचित मी चुकत असेन’ असे म्हणू शकतो. ज्याच्या लेखी त्याचे मत हेच सत्याचे माप आहे, त्याला चुकण्याची सोयच नाही आणि म्हणून दुसऱ्याचे ऐकण्याची गरजही नाही. ज्यांनी माणसे जाळली त्यांचा दोष, सत्य आहे असे मानण्यात नसून, ते आपल्या मुठीत आले आहे असे मानण्यात होता. नम्रतेला वस्तुनिष्ठतेचा आधार लागतो, ही गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते, पण ती तशी आहे.

त्या जाहीरनाम्याचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. तो तयार करणाऱ्यांत चीनचे पेंग-चुन चांग आणि लेबनॉनचे चार्ल्स मलिक यांचा मोठा वाटा होता, आणि पहिल्या कलमातील पुरुषवाचक शब्दरचना बदलून तेथे ‘सर्व मानव’ अशा अर्थाची शब्दरचना यावी, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला. १० डिसेंबर १९४८ रोजी तो ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. आठ देश तटस्थ राहिले. म्हणजे अनेक परंपरांतून आलेल्या माणसांनी एकमेकांची कारणे तपासून, शब्द बदलून, तडजोड करून तो घडवला. तो परिपूर्ण आहे, असे मी म्हणणार नाही, आणि त्याचा वापर सत्तेच्या राजकारणासाठीही झाला. पण संस्कृतींच्या भिंती ओलांडून नैतिक कारणांची देवाणघेवाण होऊ शकते, हे त्यातून दिसते. ज्या मानववंशशास्त्र संघटनेने १९४७ मध्ये इशारा दिला होता, तिनेच १९९९ मध्ये मानवी हक्कांना पाठिंबा देणारी घोषणा स्वीकारली.

प्रश्न : नीती वस्तुनिष्ठ असेल, तर तिला अपवाद असता कामा नयेत. मग निरपराध माणसाचा जीव वाचवण्यासाठी मारेकऱ्याशी खोटे बोलणेही चूकच म्हणावे लागेल. हे मला पटत नाही.

उत्तर : मलाही पटत नाही, आणि पटण्याची गरजही नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ मधील एका निबंधात, मारेकऱ्याने आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारला तरी खोटे बोलू नये, अशी भूमिका घेतली, आणि त्यामुळे वस्तुनिष्ठ नीती म्हणजे निरपवाद नियम, असा समज रूढ झाला. पण परिस्थितीनुसार योग्य कृती बदलते, याचा अर्थ ती मतानुसार बदलते, असा होत नाही. डब्ल्यू. डी. रॉस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९३० मध्ये मांडलेली कल्पना येथे उपयोगी पडते: वचन पाळणे, इजा न करणे, उपकार स्मरणे अशी अनेक कर्तव्ये असतात, ती एकमेकांशी भिडतात, आणि प्रत्येक प्रसंगी त्यांपैकी कोणते अधिक जड हे विवेकाने ठरवावे लागते. मारेकऱ्यासमोर जीव वाचवण्याचे कर्तव्य सत्य बोलण्याच्या कर्तव्याहून जड असते, आणि ते तसे असणे हेही कोणाच्या लहरीवर अवलंबून नसते. काही प्रसंगी दोन्ही पारडी इतकी समतोल असू शकतात, की एकच बरोबर उत्तर नसेल. तेथेही चुकीची उत्तरे मात्र भरपूर असतात.

प्रश्न : माझे एक सहकारी प्रत्येक नैतिक चर्चा ‘हे तुमचे मत झाले’ असे म्हणून संपवतात. ते सज्जन गृहस्थ आहेत, पण त्यानंतर काय बोलावे हे मला सुचत नाही. त्यांना कसे उत्तर द्यावे?

उत्तर : प्रथम त्यांचे वाक्य मान्य करावे, कारण ते खरेच आहे. आपण जे बोललात ते आपले मत आहेच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेही आपले मतच आहे. एखादे विधान कोणाचे तरी मत आहे, एवढ्याने ते ‘केवळ’ मत ठरत नाही. म्हणून पुढचा प्रश्न विचारावा: हे मत चुकीचे आहे असे तुम्हाला वाटते का, आणि वाटत असेल तर कोणत्या कारणामुळे? त्यांनी कारण दिले, की चर्चा संपलेली नसून सुरू झालेली असते.

त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातील एखादा अन्याय आठवायला सांगणेही उपयोगाचे ठरते, मात्र ते वादात जिंकण्याच्या आवेशाने करू नये. कोणी त्यांचे श्रेय लाटले असेल किंवा विश्वासघात केला असेल, तर त्या वेळी त्यांना जो राग आला, तो पावसाने भिजवल्यावर येणाऱ्या त्राग्यासारखा नव्हता. त्या रागात ‘तू असे करायला नको होतेस’ असे एक म्हणणे होते, आणि समोरच्याने ‘हे तुमचे मत झाले’ असे उत्तर दिले असते, तर त्यांचे समाधान झाले नसते. पी. एफ. स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६२ मध्ये एका व्याख्यानात दाखवून दिले, की राग, कृतज्ञता, क्षमा या वृत्ती माणसामाणसांतील नात्यांत इतक्या खोल विणलेल्या आहेत, की त्या सोडून देऊन जगणे आपल्याला जवळजवळ अशक्य आहे. यावरून नीती वस्तुनिष्ठ आहे असे सिद्ध होत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण आपण चर्चेत जे नाकारतो ते जगताना सतत गृहीत धरतो, हे एकदा ध्यानात आले, की ‘केवळ मत’ म्हणण्यातला सहजपणा कमी होतो.

याउपरही ते बधले नाहीत, आणि ‘तो रागही माझी केवळ भावनाच होती, त्याला अधिक अर्थ नव्हता’ असे त्यांनी सुसंगतपणे म्हटले, तर त्यांना निरुत्तर करणारा युक्तिवाद माझ्याकडे नाही. कोणताही पुरावा न मानण्याचे ठरवलेल्या माणसालाही विज्ञान पटवून देता येत नाही, म्हणून विज्ञान खोटे होत नाही. आपले सहकारी सज्जन आहेत असे आपण लिहिले आहे. म्हणजे सहकाऱ्याचे श्रेय ते स्वतः लाटत नाहीत, दिलेला शब्द पाळतात, आणि विचारले तर असे का करतात याची कारणेही बहुधा सांगू शकतील. पुढच्या वेळी चर्चा तेथून सुरू करावी, आणि त्यांनी दिलेली कारणे आपल्या कारणांपेक्षा चांगली निघाली, तर आपले मत बदलण्याची तयारी ठेवावी.